तीन आकड्यांचे टायर

माझ्या नवऱ्याला त्या गाडीत बसवलं ते तो चांगली गाडी चालवतो म्हणून नव्हे. त्याचं वजन अठ्ठावन्न किलो होतं म्हणून. फेराइनमधले, म्हणजे त्यांच्या त्या मंडळातले, बाकीचे अकरा जण निवृत्त, सहा-सहा फुटी आणि बिअरवर पोसलेले. सहा वर्षं खपून त्यांनी स्वतःच्या हातांनी गाडी बांधली आणि शेवटी त्यांच्या लक्षात आलं की तिच्यात आपल्यापैकी कुणीच मावत नाही. जर्मन माणूस सगळं आधी मोजून घेतो, ही आपल्याकडे कुणीतरी उठवलेली अफवा आहे.

गाडी म्हणजे लांबलचक, जमिनीला टेकलेला पत्र्याचा नळा. सरळ रेषेत, एकटीनं, होईल तेवढ्या वेगानं पळायचं, एवढंच तिचं काम. शर्यत दुसऱ्या कुणाशी नाही, घड्याळाशी. वर्षातून एकदा लष्कराची एक जुनी धावपट्टी दोन दिवसांसाठी मिळायची आणि तिथं ताशी दोनशे चाळीस गाठायचे, असं मंडळाचं स्वप्न होतं. माझा नवरा पुण्याचा, आठवडाभर ऑफिसात सॉफ्टवेअर लिहिणारा. लग्नाआधी त्यानं स्कूटरवरसुद्धा साठची मर्यादा कधी ओलांडली नव्हती. इथं त्याला अकरा म्हातारे "आमचा पायलट" म्हणाले आणि गडी हरभऱ्याच्या झाडावर चढला.

तेव्हा आम्ही र्युसेल्सहाइमजवळ राहायचो. मी एका लहानशा प्रयोगशाळेत रबराच्या चाचण्या करायचे. म्हणून मंडळानं एकमतानं ठरवलं की चाकं आणि टायर माझ्याकडे. मी नाही म्हणू शकले असते. पण आत बसणार होता माझा नवरा, आणि त्याच्या खाली काय फिरतंय ते दुसऱ्या कुणी ठरवावं हे मला मान्य नव्हतं.

पहिलं भांडण रिमवरून झालं. त्यांना चकचकीत अॅल्युमिनियमचे रिम हवे होते, कुणाच्या तरी जाहिरातीत स्वस्त दिसलेले. मी विचारलं, हे आधी कुठल्या गाडीला होते, कुठे आपटले होते, कुणी ठोकून सरळ केले होते? कुणाला माहीत नव्हतं. मग नकोत, मी म्हणाले. मी भंगारवाल्याकडून सहा साधे लोखंडी रिम आणले, घासून स्वच्छ केले, त्यांच्यावर लाल रंग फासून पुसला आणि वर पांढरी पावडर मारली. जिथं तडा असतो तिथं आत शिरलेला लाल रंग पांढऱ्यातून वर येतो. दोन रिमवर केसासारखी लाल रेघ उमटली. ते दोन मी मंडळाच्या टेबलावर, त्यांच्या केकशेजारी नेऊन ठेवले. त्यानंतर अॅल्युमिनियमचं नाव कुणी काढलं नाही.

मग टायर. या खेळासाठी खास बनवलेले टायर अमेरिकेतून यायचे आणि त्यांच्या किमतीत मंडळाची अख्खी गाडी पुन्हा बांधून झाली असती. परवडणारा रस्ता एकच होता: साधे मोटारीचेच टायर, पण कोरे, चारही एकाच खेपेचे, आणि कडेला वेगाचं जे अक्षर छापलेलं असतं ते आम्हाला गाठायच्या वेगाच्या बरंच वरचं. शिवाय त्यांची नक्षी दुकानदाराकडून तासून पातळ करून घ्यायची, कारण जाड रबर वेगात तापतं आणि उकलतं. व्हॉल्व्ह धातूचे, वर धातूचीच टोपणं. चाक त्या वेगानं फिरतं तेव्हा चार ग्रॅमचा व्हॉल्व्ह हजारपट जड होतो. रबरी असेल तर वाकतो आणि हवा सोडतो. हे सगळं मी त्यांना दोनदा समजावलं. रंगावर काटकसर करा, सीटवर करा, त्या तुमच्या झेंड्यावर करा, टायरवर करू नका, मी म्हणाले. त्यांनी "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, केलं. ऑर्डरची ई-मेल पाठवायचं काम नवऱ्यानं स्वतःकडे घेतलं.

इथंच माझं चुकलं. ई-मेल मीच पाठवायला हवी होती.

त्याच सुमारास सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांना मी आई म्हणते. दिवसभर त्या खिडकीशी बसायच्या. आम्ही दोघं कामावर, शेजारीण "हालो"च्या पलीकडे जात नाही, आणि मुलगा शनिवारी-रविवारी कुठे जातो तेही त्यांना धड ठाऊक नाही. त्याला गाड्यांचा नाद आहे एवढंच आम्ही सांगितलेलं. वेग वगैरे काही नाही. "आईला कशाला उगाच काळजी," असं नवऱ्याचं म्हणणं. मीही मान डोलावली होती.

धावपट्टीचा शनिवार नेमका दसऱ्याच्या आठवड्यात आला. खंडेनवमीला सासूबाई म्हणाल्या, घरात हत्यार-अवजार काही नाही, पूजा कशाची करू, सुऱ्यांची? नवऱ्यानं अर्धी रजा काढली आणि त्यांना मंडळाच्या शेडमध्ये घेऊन गेला. पाने, हातोडे, जॅक, सगळ्याला हळदकुंकू. गाडीलाही. मी फोनवरून एवढंच बजावलं होतं, "आई, स्वस्तिक मात्र काढू नका हं, इथं घोटाळा होईल." त्यांनी ते कटाक्षानं पाळलं, नुसती पाच बोटं उमटवली. संध्याकाळी खुशीत घरी आल्या. मुलाच्या मित्रांनी हात मिळवले, केक दिला, नारळ फोडल्यावर टाळ्या वाजवल्या. इतक्या दिवसांत त्यांना इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं.

शुक्रवारी नाश्त्याच्या वेळी नवऱ्यानं कागद पुढे केला. चाकं आणि टायर तपासले, असं लिहिलेला आयोजकांचा एक पानी तक्ता. खाली सहीची जागा.

"बसले का टायर?" मी विचारलं.

"बसलेत. एकदम झकास. उद्या बघशीलच. सरप्राइज आहे."

शेडमध्ये जाऊन यायला वीस मिनिटं लागली असती. पण दसऱ्याच्या उरलेल्या पुरणपोळ्या सासूबाई तव्यावर गरम करत होत्या, आणि मी ऑफिसला निघाले होते. मी सही केली.

शनिवारी धावपट्टीवर थंडी होती आणि वारा नव्हता, म्हणजे हवामान उत्तम. सासूबाई अंगावर माझा कोट, डोक्याला मफलर अशा दोरीच्या अलीकडे उभ्या होत्या. त्यांना एव्हाना कळलं होतं की मुलगा काहीतरी जोरात चालवणार आहे. किती जोरात ते कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या आधीची गाडी निघून गेली. नवरा आत आडवा झाला, पट्टे आवळले, हेल्मेट चढलं. मंडळातले दोघं त्याला ढकलत रेषेपाशी आणत होते, तेव्हा मी सवयीनं मागच्या डाव्या चाकाकडे वाकले, टोपण घट्ट आहे का बघायला.

टोपण प्लॅस्टिकचं होतं. काळं.

मला आधी वाटलं, एवढंच राहून गेलं असेल. मग टायरकडे पाहिलं. रुंद, काळाभोर, कुंकवाची बोटं उमटलेला, आणि मी निवडलेला नव्हेच. मी नख रोवलं. खूणच उमटेना, इतकं रबर वाळून कडक झालेलं. कडेला तारीख शोधली. टायर कुठल्या आठवड्यात, कुठल्या साली बनला ते तिथं छापलेलं असतं. 2000 पासून चार आकडे छापतात, त्याआधी तीन असायचे. दोन हजार साल उलटून तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती. माझ्या बोटाखाली तीन आकडे होते. नव्वदीच्या दशकातल्या टायरवर तीन आकड्यांपुढे एक बारीक त्रिकोणही असतो. तो नव्हता. म्हणजे हा टायर ऐंशीच्या दशकातला, तो बनला तेव्हा मी शाळेत होते.

तळपायाची आग मस्तकात गेली हे आपण उगाच म्हणतो; त्या दिवशी खरोखर पाय गरम झाल्यासारखे वाटले. मी गाडीच्या पुढे जाऊन उभी राहिले. नवऱ्यानं आतून हातानं खूण केली, बाजूला हो. मागून मंडळातला एकजण म्हणाला, आल्झो, चला, आपला नंबर आहे, उशीर होतोय. मी बोलत बसले नाही. खिशात व्हॉल्व्हचा पाना होता. मी खाली बसले, ते काळं टोपण काढून फेकलं आणि व्हॉल्व्हचा आतला खिळा फिरवून बाहेर काढला. सूं करून सगळी हवा गेली. मग पुढचा डावा. तोवर दोघांनी माझे खांदे धरले होते.

नवरा पट्टे सोडून धडपडत बाहेर आला. सासूबाईंसमोर मी त्याला नेहमी "अहो" म्हणायचे. त्या दिवशी नाही.

"अरे, हे कुठले टायर? माझे कुठायत?"

"सगळ्यांसमोर नको," तो दबक्या आवाजात म्हणाला. "घरी बोलू."

"घरी? घरी आलास तर ना! माझे टायर कुठायत?"

माझे टायर दुकानातच होते. त्यानं ऑर्डर रद्द केली होती. कारण दोन आठवड्यांपूर्वी शेडमध्ये गेला तर गाडी या चार टायरांवर उभी. मंडळातल्या सगळ्यात वयस्कर गृहस्थांनी, ज्यांना तो माझ्याशी बोलताना "आजोबा" म्हणायचा, आपल्या गॅरेजमधून आणून बसवलेले. आजोबा तरुणपणी शर्यतीत उतरायचे. कारखान्यात चाळीस वर्षं साचे बनवलेले, हात सोन्याचे. नवऱ्यानं मानलं, आजोबांनी आपल्या जुन्या दिवसांची ठेव आपल्याला दिली. त्याचे डोळे भरून आले म्हणे. त्यानं त्यांना बेसनाचे लाडू नेऊन दिले.

"मग विचारायचं नाही, की यावर पळवायचं का?"

"मोठ्या माणसानं प्रेमानं दिलेली वस्तू. तिची तारीख काय विचारायची? बरं दिसतं का ते?"

भीड भिकेची बहीण, असं माझी आई म्हणायची. भीक परवडली. भिकेनं निदान जीव जात नाही.

एव्हाना आजोबा काठी टेकत आले. त्यांनी टायरकडे पाहिलं, मग दुसऱ्या, तिसऱ्या.

"माझ्या फुल्या कुठे गेल्या?" त्यांनी विचारलं.

प्रत्येक टायरवर त्यांनी खडूनं हातभर फुली मारली होती. त्यांच्या सगळ्या आयुष्यात खडूची फुली म्हणजे एकच: हे वापरायचं नाही. नवे टायर येईपर्यंत गाडी शेडमध्ये इकडून तिकडे ढकलता यावी, एवढ्यासाठीच हे जुने बसवले होते. मंडळात हे सगळ्यांना माहीत. म्हणून त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पूजेच्या वेळी कोऱ्या काळ्या टायरवर हळदकुंकू बघून सगळ्यांना वाटलं, नवे बसले; त्यांना कुठे ठाऊक होतं मी काय निवडलंय ते.

"फुल्या तू पाहिल्या होत्यास?" मी नवऱ्याला विचारलं.

"हो. मला वाटलं, मोजताना खूण केली असेल."

सासूबाईंना जर्मन येत नव्हतं, पण आजोबांनी हवेत बोटानं फुली काढून दाखवली ती त्यांना दिसली. त्या दोरीखालून वाकून आल्या.

"त्या खडूच्या रेघा ना? पूजेआधी, सगळे जमायच्या आत, मीच पुसल्या," त्या म्हणाल्या. "ब्रशनं घासून धुतले चारही टायर. मळक्या वस्तूची पूजा करतात का? काय झालं गं? काही चुकलं का माझं?"

नवरा घाईनं म्हणाला, "काही नाही, आई. हवा कमी होती."

मी आजोबांना खरं ते सांगितलं, जर्मनमध्ये. काठी काखेत धरून त्यांनी दोन्ही हात चेहऱ्यावर घेतले. मग नवऱ्याला इतकंच म्हणाले, "तुम्ही मला विचारलं का नाही? मी काय चावलो असतो का?" नवरा मान खाली घालून उभा. त्याला त्यांचा राग कळतच नव्हता. त्यानं तर त्यांचा मानच राखला होता.

आयोजकांचा माणूस माझा तक्ता घेऊन आला. ही सही कुणाची? माझी, मी म्हणाले. तुम्ही टायर पाहिले होते? नाही. त्यानं तक्ता माझ्यासमोर फाडला नाही की आवाज चढवला नाही. पेननं यादीतल्या आमच्या गाडीच्या नावावर एक आडवी रेघ मारली आणि पुढच्या गाडीकडे गेला. त्यानं ओरडायला हवं होतं. मला बरं वाटलं असतं.

परतताना आमची गाडी मी चालवत होते. मागे सासूबाई पेंगत होत्या. शेजारून नवरा म्हणाला, "हवा काढायची काय गरज होती? चारचौघांत लाज काढलीस."

मी गाडी बाजूला घेऊन त्याला उतरवलं असतं, पण ऑटोबानवर थांबायची सोय नसते. वर तो म्हणाला, "आणि तुला तरी काय माहीत, ते टायर फुटलेच असते म्हणून? दिसायला कसे ठणठणीत होते."

म्हणून मंगळवारी मी साहेबांची परवानगी घेऊन त्यातले दोन टायर प्रयोगशाळेत नेले, आणि नवऱ्यालाही जेवणाच्या सुट्टीत बोलावलं. आमच्याकडे जाड लोखंडी खोलीत एक मोठं पिंप फिरायचं. त्याला टायर टेकवून हव्या त्या वेगानं पळवता यायचा. काचेतून बघायचं. पहिला लावला तो पुढचा डावा. शंभर, दीडशे, दोनशे, दोनशे चाळीस. दहा मिनिटं ठेवला. काही झालं नाही. टायर गरम झाला, थोडा वास आला, बस.

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं आणि हसला. मोठं नाही, ओठांच्या कोपऱ्यातून. ते हसू मी अजून विसरलेले नाही. मला त्याच्या जिवाची पडली होती आणि हा वाद जिंकत होता.

दुसरा टायर मागचा डावा. दीडशेला ठीक. दोनशेला काट्यानं किंचित थरथर दाखवली. दोनशे दहाला, चौथ्या मिनिटाला, आतून बंदूक झाडल्यासारखा आवाज आला आणि काच हादरली. टायरचा वरचा पट्टा पूर्ण सोलून निघाला होता. पिंप थांबेपर्यंत तो लोखंडी भिंतीवर आपटत राहिला. दार उघडलं तेव्हा भिंतीच्या रंगावर त्यानं हातभर ओरखडा काढलेला दिसला.

"मागचा डावा," नवरा म्हणाला. "माझं डोकं कुठं येतं?"

मी हातानं दाखवलं. चाक इथं, तू इथं. मध्ये एक मिलीमीटरचा पत्रा आणि दीड वीत हवा.

तो खुर्चीवर बसला. मी पाणी आणून दिलं. मला त्याला जवळ घ्यावंसं वाटत होतं आणि थोबाडीत द्यावीशीही वाटत होती. दोन्ही केलं नाही. सहकारी होते.

निघताना दारात तो थांबला आणि म्हणाला, "आईला सांगू नकोस."

तेव्हा मात्र माझा तोल गेला. त्या स्वच्छ, पांढऱ्या जर्मन कॉरिडॉरमध्ये मी मराठीत ओरडले. म्हटलं, अरे, याच्यापायीच तर मरत होतास! आजोबांना विचारायचं नाही, आईला सांगायचं नाही, चारचौघांत बोलायचं नाही. मोठ्यांना जपता जपता एक दिवस त्यांनाच तुझं क्रियाकर्म करावं लागेल. आईंना कुणीतरी सांगितलं असतं की मुलगा यावर बसून दोनशे चाळीसनं जाणार आहे, तर त्यांनी ब्रश हातात धरला असता का? त्या खुळ्या नाहीत, आपण त्यांना खुळं ठेवलंय. आज जेवताना मी सगळं सांगणार. तू बस मूग गिळून.

घरी येईपर्यंत मी वाक्यं जुळवत होते. आधी फुलीचा अर्थ, मग टायरचं वय, मग मागचा डावा. काहीही गाळायचं नाही.

सासूबाईंनी पानं मांडली होती. आमटी, भात, बटाट्याची भाजी. त्या स्वतः जेवायला बसल्या नाहीत, उभ्याच राहिल्या. शनिवारपासून त्यांचं जेवणावर लक्षच नव्हतं, ते मला तेव्हा कुठे जाणवलं. आम्ही सांगितलेल्या त्या हवेच्या गोष्टीवर त्यांनी क्षणभरही विश्वास ठेवला नव्हता.

"सकाळी तुमचं बोलणं ऐकलं मी. तू आज तो टायर तपासणार होतीस ना," त्या मला म्हणाल्या. "खरं सांग. मी धुतल्यामुळं काही वाईट झालं असतं का गं? टिकला ना तो?"

नवरा ताटात बघत होता. मी तोंड उघडलं. फुली, वय, मागचा डावा, सगळं जिभेवर होतं.

"टिकला, आई," मी म्हणाले. "दहा मिनिटं पळवला. काही झालं नाही त्याला."

त्यांनी मोठा श्वास सोडला, देवाला हात जोडले आणि पहिल्यांदा स्वतःसाठी ताट वाढून घेतलं. मी मान खाली घालून भात कालवत राहिले. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, पण या वेळी तो हसला नाही. मला माझा स्वतःचा इतका राग त्याआधी कधी आला नव्हता, आणि तो अजून उतरलेला नाही.